खऱ्या गुन्ह्यावर मालिका: १५८३ चा घ्यावा की कालपरवाचा?

जत्रेच्या नाटकांवर हात बसलेल्या लेखकाला मालिका लिहायची झाली, तर गोव्यात खऱ्या गुन्ह्यांची वाण नाही. दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावचं १५८३ चं हत्याकांड घ्यायचं, की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोर्टात उभा राहिलेला एखादा खटला, एवढं आधी ठरवावं लागतं. बहुतेकांना वाटतं, जुनं ते निर्धोक. मला तसं वाटत नाही.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत जेझुइट या ख्रिस्ती संघाचे पाच जण मारले गेले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रुदोल्फो आक्वाविवा होता. पुढे पोर्तुगीजांनी तिथल्या गावकारांना, म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या मूळ घराण्यांतल्या प्रमुखांना, बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. हत्याकांडं दोन, पण कागद एकाच बाजूचा. पाद्र्यांची नावं, स्वभाव, शेवटचे क्षण जेझुइट पत्रांत सापडतात; १८९३ साली पोपनी पाचही जणांना संतपदाच्या अलीकडच्या पायरीवर बसवलं. गावकारांच्या मनात काय होतं, आपसात काय वाद झाले, हे त्यांच्या तोंडून कुठेच येत नाही. त्यामुळे लेखकाची सगळी कल्पना त्यांच्यावरच खर्ची पडते. त्यांना शूरवीर करा नाहीतर झुंड करा, आडवा यायला पुरावाच नाही. आधीच्या पोर्तुगीज मोहिमांत देवळं जाळली गेली, हे पहिल्या भागात दाखवता की तिसऱ्या, एवढ्यावरसुद्धा प्रेक्षक कुणाच्या बाजूने बसणार ते ठरतं. आणि गावकारांचे वंशज त्याच गावात आहेत, स्मारक आहे. साडेचारशे वर्षं होत आली म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही, असं समजू नका.

अलीकडच्या खटल्यात उलट स्थिती. आरोपपत्र, साक्षी, निकालपत्र, सगळं हाताशी. ऑटो शंकर या तमिळनाडूतल्या खुन्याच्या आत्मचरित्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितलं की सार्वजनिक नोंदींच्या आधारे लिहायला संमती लागत नाही; लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव मात्र उघड करायचं नाही. म्हणजे कायदा बराचसा तुमच्या बाजूने. पण मेलेल्या मुलीची आई उद्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात समोर येऊ शकते, त्याला निकालपत्र काय करणार? अशा घरी पटकथा आधी वाचायला द्यावी, आणि ‘नको’ म्हणाले तर विषय सोडावा. निर्माता कुरकुरेल. कुरकुरू द्या.

‘नावं बदलू’ हा तोडगा कुणीतरी सुचवतोच. मुंबईत चालत असेल. इथे वाडा, देऊळ आणि बसथांबा दिसला की दुसऱ्या मिनिटाला नाव कळतं. नाव बदलून लेखक वाचतो, ते घर वाचत नाही. उलट न घडलेलं घालायची मोकळीक मिळते, आणि गाव तेच खरं धरून चालतो. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी कुणी वाचतं का हो?

दोन्हींत मी अलीकडचा खटला मागे ठेवीन. कुंकळ्ळी घ्यायची, पण गावात जाऊन दोन्हीकडच्या लोकांशी बोलल्यावरच. एवढं करायची तयारी नसेल, तर १७८७ चं पिंटोंचं बंड, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट, बघा: ४७ जणांना अटक, १५ जणांना देहदंड. त्या प्रकरणाचे कागद कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अभ्यासकानी १८७५ साली छापले आहेत. सरकारी कागद म्हणून एकांगीच, पण आरोपींची नावंगावं तरी त्यात सापडतात. पोर्तुगीज वाचून देणारा माणूस आधी धरा, आणि त्याचे पैसे पहिल्याच दिवशी बजेटात लिहून घ्या.