मेकॅनो क्लबचं सभासदत्व: हिवाळ्यापासून आजवरचा अनुभव

मुलाला मोबाइलपासून सोडवायला काहीतरी हवं म्हणून मेकॅनो (भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, चाकं आणि नट-बोल्ट जोडून मॉडेल करायचं खेळणं) क्लब शोधत असाल, तर आधीच सांगतो, हा मुलांचा क्लास नाही. इथे इंग्लंडमध्ये मिडलँड्सला गेल्या हिवाळ्यात मी सभासद झालो, तेव्हा चाळिशीतला मीच सगळ्यात तरुण होतो. बाकी बहुतेक निवृत्त मंडळी, कोणी रेल्वेतून, कोणी कारखान्यातून. ऐंशीच्या घरातल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना; आता सवय झाली.

चर्चचा हॉल असतो, महिन्यातून एक शनिवार. वर्गणी किरकोळ, हीटर त्याहून किरकोळ. स्वेटर घालून जा. जो तो आपलं मॉडेल टेबलावर मांडतो आणि चहा घेत घेत सगळे एकमेकांच्या मॉडेलमध्ये डोकं घालतात. रीतसर शिकवणं असं काही नाही, विचारलं तर मात्र तासभर सुटका नाही. पट्ट्यांचा जुना लाल-हिरवा रंग चांगला की 1934 साली आलेला निळा-सोनेरी, हा वाद दर वेळी होतो. मी बिस्किटं खातो.

पण खरा माल त्या विचारण्यातच आहे. मला घड्याळ करायचं होतं. मिनिटकाट्याच्या बारा फेऱ्यांत तासकाट्याची एक व्हायला हवी, आणि दोन्ही काटे एकाच दांड्यावर. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी डब्यातून चार गिअर काढून दिले. 19 दात्यांचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, 57 दात्यांच्या चाकाला फिरवतं, म्हणजे तीनास एक. त्या 57 च्या चाकाच्याच दांड्यावरचं 15 दात्यांचं पिनियन 60 दात्यांच्या चाकाला फिरवतं, चारास एक. तीन चोक बारा! वर गंमत अशी, की दोन्ही जोड्यांना मधलं अंतर एक इंचच लागतं, म्हणजे पट्टीवर मधलं एक भोक सोडून पुढचं. शेवटच्या चाकाचा ग्रब स्क्रू (चाक दांड्याला आवळणारा छोटा स्क्रू) काढून ते मिनिटकाट्याच्या दांड्यावर सैल सोडायचं, की तासकाटा परत पहिल्याच दांड्यावर येतो. 19-57 अगदी नेमकं बसतं; 15-60 किंचित ढिलं, कारण दात्यांची बेरीज एकाने कमी. बोटाने काटा हलवला की तो फरक जाणवतो. पुस्तकात वाचून हे माझ्या डोक्यात शिरलं नसतं.

फ्रँक हॉर्नबीने 1901 साली पेटंट घेतलं तेव्हापासून पट्टीवरच्या भोकांमधलं अंतर अर्धा इंच आहे, त्यामुळे आजोबांच्या लहानपणची पट्टी माझ्या पट्टीला चालते. नट-बोल्टचं तसं नाही. जुने 5/32 इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे; नव्या सेटमधले एम-4, म्हणजे चार मिलिमीटरचे मेट्रिक. दिसायला सारखे, पण एकमेकांत थोडे फिरले की अडकतात, आणि जोर लावला की आटे गेलेच. दोन वेगळे डबे ठेवा. लिव्हरपूलचा मूळ कारखाना 1979 मध्ये बंद पडला, त्यामुळे जुना माल सेकंडहँडच घ्यावा लागतो. घेताना रंगापेक्षा भोकं बघा. लांबट झालेली असतील तर दांडा डुगडुगणार. पितळी गिअर महाग पडतात, यात वाद नाही.

हे खेळणं आहे असं कोणी म्हणालं, की सभासद हार्ट्री या शास्त्रज्ञाचं उदाहरण देतातच. डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी 1934 साली मँचेस्टरला मुख्यतः मेकॅनोचे भाग वापरून डिफरन्शियल समीकरणं सोडवणारं यंत्र उभं केलं होतं. तिसऱ्यांदा ऐकताना कंटाळा येतो, पण उदाहरण बिनतोड आहे.

भारतात मेकॅनिक्सचा डबा ज्यांनी लहानपणी उपसला असेल, त्यांचा हात इथे पटकन बसेल. फक्त पुस्तिकेतलं चित्र बघून तसंच करायची सवय सोडावी लागते. इथे चित्र बघून केलेल्या मॉडेलला कोणी नावं ठेवत नाही, पण त्याच्याभोवती गर्दीही होत नाही.

माझी पुढच्या वर्षाची वर्गणी भरून झाली आहे. मुलगा दोनदा आला, क्रेनच्या हुकाला चहाचा कप लटकवून खूश झाला, आणि आता त्या शनिवारी फुटबॉलला जातो.