ऑन्कोटाइप डीएक्स तपासणी : सोलापुरातून करून घेतल्यानंतरचे परीक्षण

माझ्या थोरल्या वहिनींच्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया सोलापुरात झाली आणि त्यानंतर किमोथेरपी द्यावी की नाही, हे ठरविण्यासाठी आम्ही ‘ऑन्कोटाइप डीएक्स’ ही तपासणी करून घेतली. दोन लाखांहून अधिक रुपये खर्चाची ही तपासणी करावी का, असे गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तीन घरांतून मला विचारण्यात आले. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, असे वाटले. माझे मत आधीच सांगते : तपासणी विश्वासार्ह आहे, मात्र ती एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर देते आणि तो प्रश्न आपल्या रुग्णापुढे खरोखर उभा नसेल, तर हे पैसे खर्च करू नयेत.

वहिनींपुढे तो प्रश्न उभा होता. त्यांचे वय ५७, पाळी थांबून सहा वर्षे झालेली, गाठ १.८ सेंटिमीटरची, ग्रेड २ (म्हणजे मध्यम आक्रमक), काखेतील ग्रंथी स्वच्छ, ईआर आणि पीआर (पेशींतील हार्मोन ग्रहण करणारी प्रथिने) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशींची वाढ वेगाने घडविणारे प्रथिन) निगेटिव्ह. हार्मोनविरोधी गोळी पाच वर्षे घ्यावी लागणार, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. परंतु पेशींच्या वाढीचा वेग दाखविणारा केआय-६७ हा आकडा २२ टक्के, म्हणजे धड कमी नाही आणि धड जास्तही नाही असा आल्यामुळे एका डॉक्टरांनी किमो सुचविली, तर दुसऱ्यांनी तिची गरज नसल्याचे सांगितले. ज्यांचा सल्ला आम्ही शेवटी मानला, ते वहिनींना म्हणाले, “मावशी, आम्ही दोघांनी वाद घालण्यापेक्षा गाठीलाच विचारू या.”

गाठीला विचारायचे म्हणजे काय, हे मला समजून घ्यावेसे वाटले, कारण घरातल्या सगळ्यांचा इथेच गोंधळ झाला होता. ‘जनुकांची तपासणी’ हे शब्द ऐकताच माझ्या पुतणीने विचारले, “आत्या, म्हणजे आईचा रिपोर्ट वाईट आला तर मलाही होणार का?” तिची भीती खरी होती, ती मात्र दुसऱ्याच तपासणीशी संबंधित होती. आई-वडिलांकडून आलेला बीआरसीए जनुकातील दोष रक्तातून शोधतात, आणि त्याचा संबंध मुलाबाळांशी असतो. ऑन्कोटाइप मात्र काढून टाकलेल्या गाठीतील जनुके किती सक्रिय होती, एवढेच पाहते. सोलापूरकरांना मागाच्या भाषेत सांगायचे, तर शेडमध्ये बसवलेल्या मागांत काही मोडतोड आहे का हे पाहणे वेगळे आणि त्यांपैकी कोणते माग किती वेगाने चालू आहेत हे पाहणे वेगळे. जनुक चालू असले की त्यापासून आरएनए तयार होते; ते मोजले की जनुकाचा वेग कळतो.

ही मोजणी २१ जनुकांची असते. त्यांपैकी १६ कर्करोगाशी संबंधित असतात आणि उरलेली ५ तुलनेसाठी घेतलेली असतात, जेणेकरून नमुन्यात आरएनए कमी-जास्त असले तरी आकडा बिघडू नये. या साऱ्याचे शून्य ते शंभर अशा एका गुणांकात रूपांतर करतात. सर्व जनुकांना सारखे वजन नसते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली : पेशींच्या विभाजनाशी निगडित पाच जनुकांच्या गटाला सूत्रात सर्वांत मोठे वजन, म्हणजे १.०४ आहे, तर ईआर गटाचे वजन उणे ०.३४ असल्यामुळे तो गट जितका जोरात, तितका गुणांक खाली येतो. केआय-६७ हे त्या पाच जनुकांपैकीच एक. पण इथे त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल लागत नाही.

गुणांक छापून देणे सोपे असते. त्यावर विसंबून किमो टाळलेल्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हे कोणी पाहिले आहे का, हा खरा प्रश्न. या बाबतीत ऑन्कोटाइपची बाजू भक्कम आहे. ‘टेलरएक्स’ नावाच्या चाचणीत १० हजारांहून अधिक स्त्रियांची नोंदणी झाली आणि ११ ते २५ गुणांक असलेल्या ६,७११ जणींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एका गटाला केवळ हार्मोनविरोधी गोळ्या, तर दुसऱ्याला किमो आणि गोळ्या देण्यात आल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नऊ वर्षांनंतर शरीरात अन्यत्र आजार न पसरलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९४.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ९५ टक्के होते. एवढ्याशा फरकासाठी केस गळणे, उलट्या आणि बोटांना येणाऱ्या मुंग्या सोसायच्या का, याचे उत्तर वहिनींच्या वयाच्या स्त्रीसाठी यातून स्पष्ट मिळते. पन्नाशीच्या आतील स्त्रियांना मात्र १६ ते २५ गुणांक असताना किमोचा काही लाभ झालेला दिसला, त्यामुळे चाळिशीतील बहिणीचा आणि पासष्टीतील आईचा सारखाच आकडा सारख्या अर्थाने वाचता येत नाही. या चाचणीच्या खर्चाचा काही भाग अमेरिकेतील नागरिकांनी जास्त किंमत देऊन घेतलेल्या एका टपाल तिकिटातून उभा राहिला होता, हे वाचून मला त्या अनोळखी माणसांबद्दल कृतज्ञता वाटली.

एक उणीव मनात राहते. ही चाचणी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि पेरू या देशांत झाली. भारतातील स्त्रिया तिच्यात नव्हत्या. ज्या जिल्ह्यातील बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिथल्या माणसांनी ‘हे आकडे कोणाचे?’ असे विचारणे रास्तच आहे. आमच्या डॉक्टरांनीही या मर्यादेची जाणीव ठेवूनच अहवाल वाचला आणि तसे वहिनींना सांगितले.

आता सेवेविषयी. नमुना कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथील प्रयोगशाळेत जातो, म्हणून सोलापुरातील आपला संबंध येतो तो नमुना गोळा करणाऱ्या केंद्राशी, आणि आमचा त्रास तिथेच झाला. काउंटरवरील तरुणाने पहिलेच वाक्य उच्चारले, “हा रिपोर्ट काढलात की किमो टळतेच, काकू.” हे असत्य आहे आणि घाबरलेल्या कुटुंबाला असे सांगणे अन्यायाचे आहे, कारण गुणांक २६ किंवा त्याहून जास्त आला असता, तर याच तपासणीने किमो घ्या असे सांगितले असते. त्यानंतर केंद्रातील लोकांनी शस्त्रक्रियेतील गाठीऐवजी आधीच्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) पाकिटात भरला. त्यावरचा क्रमांक मी पॅथॉलॉजीच्या अहवालाशी ताडून पाहिला, म्हणून चूक लक्षात आली. बायोप्सीच्या नमुन्यावरही ही तपासणी होऊ शकते. पण त्या ब्लॉकमध्ये सुतासारखे दोन बारीक तुकडे होते आणि आमच्या पॅथॉलॉजिस्टनी भरपूर गाठ असलेला ब्लॉक आधीच खूण करून ठेवला होता. योग्य ब्लॉक जाण्यात पाच दिवस गेले.

तो ब्लॉक मी हातात घेऊन पाहिला. काड्यापेटीपेक्षा लहान, पिवळसर प्लॅस्टिकची चौकट, तिच्यात मेण, मेणात नखाएवढा मळकट पांढरा तुकडा आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक. दोन लाखांची तपासणी या तुकड्याच्या स्थितीवर अवलंबून असते. गाठ काढल्यावर ती तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवून ठेवणाऱ्या द्रवात, पडली पाहिजे आणि सहा ते बहात्तर तास तिथे राहिली पाहिजे, नाही तर आरएनए खराब होते. शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनना याविषयी विचारावे. कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

नमुना तिकडे पोहोचल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत अहवाल आला. गुणांक १७. किमोमुळे होणारा सरासरी लाभ एक टक्क्यापेक्षा कमी, असे त्याच पानावर लिहिलेले होते. डॉक्टरांनी ते पान वहिनींपुढे ठेवून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत मराठीत समजावून सांगितले, आणि वहिनींनी विचारले, “म्हणजे फक्त गोळी?” त्या महिन्याभरात त्यांचा आवाज मी इतका मोकळा ऐकला नव्हता.

ज्यांची गाठ ईआर निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह आहे, त्यांनी या तपासणीच्या वाटेला जाऊ नये. ती त्यांच्यासाठी नाही. गाठ अगदी लहान आणि सौम्य असेल, किंवा रुग्ण इतर आजारांमुळे किमो सोसूच शकणार नसेल, तरीही उत्तराने काही बदलणार नाही. नेदरलँड्समध्ये विकसित झालेली ७० जनुकांची ‘मॅमाप्रिंट’ हीदेखील पारखलेली तपासणी आहे. खर्च झेपत नसेल, तर बेंगळुरूची ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ डॉक्टरांशी बोलून पाहावी. ती जनुकांऐवजी पाच प्रथिने मोजते आणि बरीच स्वस्त पडते, मात्र टेलरएक्ससारखी चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी तिच्यामागे नाही.

तपासणीला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि केंद्राच्या सेवेला दोन. आणखी एक गोष्ट : तपासणीनंतर उरलेला ब्लॉक परत येतो, पण तो मागून घ्यावा लागतो. आमचा ब्लॉक केंद्रातील ड्रॉवरमध्ये तीन आठवडे पडून होता. तो आणून आम्ही पुन्हा पॅथॉलॉजीत जमा केला आणि जमा केल्याची पावती वहिनींच्या फाइलमध्ये अहवालाच्या मागे लावली आहे.