सात महिने, एक अडकलेली सीडी आणि ३२ ग्रॅमचा हिशोब

गाडी २०१२ ची, सेकंडहँड घेतलेली. फेब्रुवारीत तिच्या सीडी प्लेयरने एक सीडी गिळली ती गिळलीच. इजेक्ट दाबलं की आतून घरघर होते, ढेकर दिल्यासारखा आवाज येतो आणि पहिला ट्रॅक सुरू होतो. पुढचं-मागचं बटण मेलंय, रेडिओ लागत नाही, आवाजाचं चाक तेवढं चालतं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की परत पहिल्यापासून.

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल. ४२०० होतील. आणि काढताना सीडी तुटली तर आपली जबाबदारी नाही." दोन डॉलरच्या सीडीपायी ४२०० रुपये. मी काच वर केली आणि निघालो.

सीडी भाच्याची. तो अमेरिकेत शिकायला होता तेव्हा जुन्या सीडींच्या दुकानातून त्याने अमेरिकन रॅपर नाझचे पहिले दोन अल्बम आणले, दोन-दोन डॉलरला. (स्पेलिंग पाहून आपण 'नास' म्हणतो. आमच्या घरात तर 'नासका' हेच नाव पडलंय. "तो नासका बंद कर आधी", इति बायको.) पहिला, म्हणजे 'इलमॅटिक', घरी कपाटात सुखरूप. गाडीत अडकला तो दुसरा, १९९६ चा 'इट वॉज रिटन'. भाच्याला फोन केला तर हसत सुटला. "मामा, अडकायचाच होता तर पहिला तरी अडकायचा. दुसरा विकाऊ आहे रे."

'इलमॅटिक'बद्दल इथे काही सांगायची गरज नसावी. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला विशीतला पोरगा, दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खल्लास, 'द सोर्स' या हिपहॉप मासिकाचे पाचपैकी पाच माईक. फक्त त्या कौतुकावर घर चालत नव्हतं. एप्रिल १९९४ ला आलेल्या अल्बमला पाच लाख प्रतींचा टप्पा गाठायला १९९६ उजाडलं. मग स्टीव्ह स्टाउट मॅनेजर म्हणून आला, ट्रॅकमास्टर्स ही गुळगुळीत चाली करणारी जोडी आली, नाझने ड्रग माफियाचं 'एस्कोबार' हे नाव लावलं, अंगावर रेशमी कपडे चढले. दुसरा अल्बम जुलै १९९६ मध्ये थेट बिलबोर्डच्या अल्बम-यादीत पहिल्या नंबरवर उतरला. जुन्या भक्तांनी तेव्हापासून जे नाक मुरडलंय ते अजून सरळ झालेलं नाही. भाचा त्याच पंथातला, आणि खरं तर या सगळ्यात तो आला 'गली बॉय'मुळे. नाझ त्या सिनेमाचा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होता, हे पोस्टरवर वाचून त्याने मुळाशी जायचं ठरवलं.

मीही फेब्रुवारीत त्याच मताचा होतो. पहिल्या महिन्यातली तक्रार: इंट्रो. गुलामांच्या मळ्यावरचा प्रसंग, चाबूक, बंड, मग एकदम आजच्या काळातल्या गप्पा. ऐकायला एकदा ठीक, दोनदा ठीक. पण माझी गाडी प्रत्येक वेळी तिथूनच सुरू होते. दूध आणायला गेलो तरी चाबूक. महिन्याचे २२ दिवस, दिवसाला दोन फेऱ्या, सात महिने, म्हणजे नुसत्या ऑफिसच्या ३०८ फेऱ्या. इंट्रो अडीच मिनिटांच्या आत-बाहेर. बारा तास मी तो प्रसंग ऐकलाय. सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ झाला असेल.

बाकी अल्बमवर मी रस्ता मोजायला शिकलो. कोथरूडहून निघालो की 'द मेसेज', स्टिंगच्या १९९३ च्या गाण्यातली ती गिटार. चांदणी चौकाच्या आसपास 'स्ट्रीट ड्रीम्स'. बालेवाडीच्या बाजूला 'टेक इट इन ब्लड'. वाकडला 'नाझ इज कमिंग', म्हणजे डॉ. ड्रेचं संगीत. न्यूयॉर्कचे आणि कॅलिफोर्नियाचे रॅपर, म्हणजे ईस्ट कोस्ट-वेस्ट कोस्ट, यांची डोकी फुटत होती त्या वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्सच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनच्या माणसाला बोलावलं, याला हिंमत म्हणा किंवा धंदा. भूमकर चौकात 'अफर्मेटिव्ह ॲक्शन'. रस्ता मोकळा असला तर पंचेचाळीस मिनिटांत 'सस्पेक्ट' चालू असताना हिंजवडीत गाडी पार्क.

शेवटचं गाणं, ध्रुवपद गायिका लॉरिन हिलच्या आवाजातलं, जगाचं राज्य मिळालं तर काय करीन असं स्वप्न रंगवणारं, ते चोपन्नाव्या मिनिटाच्या सुमारास सुरू होतं. म्हणजे ते कानावर पडलं की माझा लेटमार्क लागलेला असतो. कर्टिस ब्लो या जुन्या रॅपरच्या १९८५ च्या गाण्यावरून घेतलंय, लोक डोक्यावर घेतात, ग्रॅमीचं नामांकनही होतं. मला त्याचे पहिले सूर ऐकले की एचआरचा ईमेल दिसतो. त्यामुळे या गाण्याबद्दल माझं मत कृपया मोजू नका.

आता मुख्य मुद्दा. 'अफर्मेटिव्ह ॲक्शन'मध्ये नाझबरोबर एझेड, कॉर्मेगा आणि फॉक्सी ब्राउन हे आणखी तीन रॅपर आहेत. फॉक्सी तिच्या कडव्यात मालाचा, म्हणजे ड्रग्जचा, हिशोब मांडते. ३२ ग्रॅम, अर्धे केले १६. मग दुप्पट करून तीनने गुणायचं, ती सांगते ४८. त्याला चारने भागा, आठ वजा करा, आलो परत १६ वर.

मी तेवीस वर्षं कॉस्टिंगमध्ये आहे. हे पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा भूमकर चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मी जागेवरच. मागच्याने हॉर्न मारून मारून जीव घेतला. ४८ भागिले ४ म्हणजे १२. वजा ८ म्हणजे ४. बारा ग्रॅम गेले कुठे?

भाच्याला विचारलं. म्हणाला, हा इंटरनेटवरचा जुना विनोद आहे, मामा, सोड. मी कसला सोडतोय. लाखांनी विकलेल्या अल्बमवर ट्रायल बॅलन्स टॅली होत नाही आणि स्टुडिओत बसलेल्या एकालाही बोट मोडून बघावंसं वाटलं नाही? एप्रिल-मे मी याच रागात काढले. या अल्बमचं जे चुकलंय ते सगळं मला त्या चार ओळींत दिसायला लागलं. चकचकीत, आत्मविश्वास भरपूर, आतला आकडा खोटा. 'इलमॅटिक'मध्ये असं झालं नसतं, असं ऑफिसात चार जणांना ऐकवलंही. त्यातल्या तिघांना नाझ कोण हे माहीत नव्हतं.

त्याच दोन महिन्यांत आणखी एक रडगाणं. 'सायलेंट मर्डर' हे गाणं अमेरिकेत कॅसेटवर होतं, तिथल्या सीडीवर नाही. म्हणजे महागडी वस्तू घेणाऱ्याला एक गाणं कमी. याला काय म्हणावं?

जूनमध्ये पाऊस लागला, रस्ता तुंबला, आणि गाडीत दीड-दीड तास बसायची वेळ आली. तेव्हा 'आय गेव्ह यू पॉवर' खऱ्या अर्थाने कानात गेलं. तोवर ते चांदणी चौक आणि पाषाणच्या मध्ये लेन बदलण्यात वाहून जायचं. अख्खं गाणं बंदूक बोलते. हाताहातांतून फिरलेली, कंटाळलेली, आपल्यामुळे किती मेले ते मोजणारी बंदूक. शेवटी ती ठरवते की बस्स, आता गोळी सोडायची नाही. ऐन वेळी अडकते, मालक मरतो, आणि तिला वाटतं सुटले एकदाची, तोच दुसरा कोणी येऊन तिला उचलतो. संगीत डीजे प्रीमियरचं, 'इलमॅटिक'च्या टोळीतला. या अल्बमवर त्याचं हे एकच. मी सीडी प्लेयरकडे पाहिलं. अडकण्यामागे त्याचंही काही म्हणणं असेल, कोण जाणे.

तेव्हापासून मी अल्बम पुन्हा, जरा आदराने ऐकायला लागलो. ट्रॅकमास्टर्सच्या चाली गोड आहेत, पण तो गोडवा वरवरचाच. खाली नाझ शब्द भरतोय तेवढेच दाट, एका श्वासात तीन-तीन यमकं. फरक असा की पहिल्या अल्बममध्ये तो खिडकीतून गल्ली बघत होता. इथे तो गल्लीतल्या मोठ्या लोकांच्या टेबलावर बसल्याचा आव आणतो. आव आहे, हे कळतं. 'स्ट्रीट ड्रीम्स'ची युरिथमिक्स या ब्रिटिश जोडीकडून घेतलेली उसनी चाल मला आजही खटकते. इतकी ओळखीची चाल घेतली की ऐकणारा मूळ गाणंच गुणगुणतो. पण 'टेक इट इन ब्लड' त्याने 'इलमॅटिक'वर टाकलं असतं तर भाच्यासारखे लोक आज त्याची पारायणं करत असते.

आणि मग जुलैमध्ये, देहूरोड बायपासला ट्रक उलटून हायवे ठप्प झाला त्या दिवशी, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. १६ ची दुप्पट ३२. ते तीनने गुणलं तर ९६. भागिले ४ म्हणजे २४. वजा ८ म्हणजे १६. जुळलं! उत्तर बरोबर आहे, मधला ४८ तेवढा चुकलाय. बाई ९६ म्हणाली असती तर तीन महिने माझं रक्त आटलं नसतं. मी गाडीतूनच भाच्याला व्हॉइस मेसेज टाकला, मागे फॉक्सी ब्राउन चालू. त्याचं उत्तर आलं, "मामा, तू ऑफिसला जातोस ना रे नक्की?"

घ्यावा का? पहिला ऐकला नसेल तर आधी तो. हा घेणार असाल तर सलग ऐका, मधूनमधून नको, आणि इंट्रो पुढे ढकलता येईल अशा यंत्रावर ऐका. मार्चमध्ये मी पाचपैकी अडीच दिले असते. आज चार देतो. अर्धा इंट्रोचा कापलाय, अर्धा 'स्ट्रीट ड्रीम्स'चा. फॉक्सीचे कापलेले परत केले.

मेकॅनिकला परवा फोन केला होता. ४२०० चे आता ४८०० झालेत. एवढ्यात नको म्हटलं.