एचपीव्हीची किट चांगली, पुढची सोय लंगडी

बेळगावकडच्या खानापूर-निपाणी भागात बाया गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला कचरतात ते टेबलावर झोपायच्या संकोचाने, आणि बिडीकामाचा दिवस बुडतो म्हणूनही. स्वतः नमुना घ्यायच्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) डीएनए किटने हे दोन्ही प्रश्न बऱ्यापैकी सुटतात.

शिबिरात बहुधा व्हीआयए, म्हणजे पिशवीचं तोंड नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी, होते: 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग शोधायचा. स्वस्त आहे, पण सगळी भिस्त बघणाऱ्याच्या नजरेवर. पाळी गेल्यावर तर तपासायची जागाच आत सरकते, मग डाग दिसला नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या 497 गावांत झालेल्या अभ्यासात (2009) एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयएने तसा ठळक फरक पडला नव्हता. तिथे नमुने आरोग्यसेविकांनी घेतले होते. स्वतः घेतलेला नमुना पीसीआर (विषाणूचा डीएनए वाढवून शोधणाऱ्या) मशीनवर जवळपास तितकाच भरवशाचा ठरतो, जुन्या पद्धतीवर कमी पडतो. तेव्हा लॅबला आधी मशीन कुठलं ते विचारा.

पाळीत नमुना घेऊ नका. आतून लावायचं मलम किंवा गोळी असेल तर दोन दिवस थांबा. हात धुऊन उकिडवं बसा, ब्रश खुणेपर्यंत घाला, सांगितलेत तेवढे वेढे द्या, टोकाला बोट न लावता नळीत टाका. नळीतलं पाणी अंगाला लावायचं नसतं. नमुना वाया जातो तो बहुतेक दोन कारणांनी: ब्रश पुरता आत जात नाही, किंवा नळीवर नाव नसतं.

गर्भपिशवी काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्ड बघा. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर तपासणी लागतेच.

खरी रड रिपोर्टची. कागद इंग्रजीत, समजावणं कन्नडमध्ये, आणि ‘डिटेक्टेड’ वाचून मराठी घरात रडारड. त्याचा अर्थ विषाणू सापडला, कॅन्सर नव्हे. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातात. विषाणूचा 16 किंवा 18 नंबरचा प्रकार आला तर मात्र थेट कॉल्पोस्कोपी (पिशवीचं तोंड दुर्बिणीतून मोठं करून बघणं). निगेटिव्ह असेल तर पुढची तपासणी 5 ते 10 वर्षांनी. संबंधानंतर रक्त जात असेल तर किटच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जा.

किटला पाचपैकी चार, पुढच्या सोयीला दोन. नमुना देण्याआधीच विचारून घ्या: पॉझिटिव्ह आलं तर फोन कोण करणार, आणि कॉल्पोस्कोपी कुठे, कुठल्या वारी?