जुन्या दुनळीला नवा रबरी पॅड : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जुन्या बंदुकीच्या दस्त्यामागचा, खांद्याला टेकणारा पॅड बदलायचा असेल, तर रबर किती मऊ आहे ते नंतर बघा. पॅड बसल्यावर दस्त्याची लांबी किती होणार, हे आधी बघा. पावसाळाभर वापरून माझं हेच मत पक्कं झालंय.

खानापूर तालुक्यात आमची शेती रानाला लागून आहे आणि घरात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोर आहे. आजोबांच्या वेळची, बर्मिंगहॅमची दुनळी, अक्रोडाचा दस्ता. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं नि गवे उतरतात. हवेत बार काढून त्यांना पिटाळायचं, एवढंच तिचं काम. दस्त्याला लाल रबराचा, सिल्व्हर पद्धतीचा पॅड होता; स्क्रू झाकायला त्यात दोन गोल बुचं असतात. जुनं रबर हवेनं आणि तेलानं मरतं. आमचं इतकं कडक झालेलं की नख रुतत नव्हतं, कडा झडत होत्या आणि धक्का थेट हाडावर यायचा.

बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच दिली. एरवी सुतार कितीही चांगला असो, परवान्याची बंदूक त्याच्याकडे ठेवून येऊ नये. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, जाड पॅड घ्या की, लाकूड जरा कापून बसवतो." मी ठाम नको म्हटलं. दोन चापांपैकी पुढच्या चापापासून जुन्या पॅडच्या मध्यापर्यंत सव्वाचौदा इंच भरत होतं, आणि ही लांबी माझ्या हाताला बरोबर बसते. जुना पॅड 1 इंचाचा, म्हणून नवाही 1 इंचाचाच घेतला. पॅड पुन्हा कधीही बदलता येतो, कापलेलं अक्रोड परत येत नाही. शिवाय कापताना तिरकस कोन थोडा जरी चुकला, तरी बंदूक खांद्यावर वर किंवा खाली बघायला लागते.

खरं कौशल्य पुढे आहे. नव्या पॅडची स्क्रूची भोकं दस्त्यातल्या जुन्या भोकांशी जुळली नाहीत. आजकालच्या बऱ्याच पॅडांत दोन भोकांमधलं अंतर 3 इंचांहून किंचित जास्त असतं. मिस्त्रींनी जुन्या भोकांत शिसवीच्या खुंट्या सरस लावून ठोकल्या, सुकू दिल्या आणि नवी भोकं पाडली. पॅड मुद्दाम मोठाच येतो, तो दस्त्याच्या आकारात घासून आणावा लागतो. लाकडाला कडेपर्यंत चिकटपट्टी लावली, पट्टा मशिनवर बहुतेक रबर काढलं आणि शेवटचं अगदी थोडं हातानं, पॉलिश पेपरनं. खालची रेघ मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दस्त्याची खालची धार जशी तिरकी येते, तशीच ती पॅडमधून सरळ पुढे जायला हवी. बरेच जण पॅड लाकडाशी काटकोनात घासतात, मग खालचं टोक बेढब बाहेर राहतं. स्क्रू पिळताना पेचकसाला साबण लावला, त्यामुळे स्क्रू आत जातो ती रबराची चीर फाटली नाही.

पॅड बसवण्याआधी दस्त्याच्या उघड्या टोकाला लाखेचे दोन हात दिले. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगायला नको: लाकूड टोकाकडूनच पाणी पितं. पावसाळा संपल्यावर बोट फिरवून बघितलं, लाकूड नि रबराचा सांधा कुठेच उचलला नव्हता. या एका गोष्टीसाठी मिस्त्रींना पूर्ण गुण.

धक्क्याचं म्हणाल तर बंदुकीचं वजन तेच, काडतूस तेच, म्हणजे मागे येणारा जोरही तोच. पॅड तो जोर जरा जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतो. खांदा आता दुखत नाही, वडीलही विनातक्रार बार काढतात. गालाला बसणारा फटका मात्र तसाच आहे. तो दस्त्याच्या वरच्या उताराचा दोष, त्याला पॅड काय करणार?

दोन गोष्टी खटकल्या. नवं रबर कपड्याला धरतं. घोंगडी किंवा रेनकोट अंगावर असला की बंदूक खांद्यावर घेताना वरची कड अडकायची. ती कड थोडी गोल करून घेतली, आता सरकते. दुसरं, काळा पॅड या जुन्या अक्रोडावर परका दिसतो. लाल मिळाला तर तोच घ्या, मी पुन्हा घेताना तेच करीन.

देखभाल फार नाही. तेल रबराला लागू द्यायचं नाही. खंडेनवमीला पूजेत हळदकुंकू लागतं, ते त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसायचं. बंदूक महिनोन्‌महिने दस्त्यावर उभी ठेवायची नाही, मऊ रबर दबून तसंच राहतं. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करतानाही मी आता आडवी ठेवायची विनंती करतो.

ज्यांच्या दस्त्याला मूळची शिंगाची किंवा लोखंडी पट्टी आहे, किंवा लाकडावरच नक्षी आहे, त्यांनी स्क्रूचा पॅड बसवूच नये. वरून चढवायचा चामडी मोजा घ्या, मात्र त्यानं लांबी वाढते हे धरून चाला. आणि मिस्त्रीकडे गेलाच आहात तर नळीचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, 65 मिलिमीटरचं की 70 चं, हेही मोजून घ्या. जुन्या 65 च्या घरात 70 चं काडतूस बसतं, पण उडताना दाब धोक्याइतका वाढू शकतो.