शिष्यवृत्तीची हमी विकत घेतली आणि शिष्यवृत्तीच गेली

2023 च्या पावसाळ्यात माझ्या मुलाला अभियांत्रिकी पदवीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे आपण ज्याला कॅप म्हणतो त्यात, दुसऱ्या फेरीत एका बऱ्या महाविद्यालयात मेकॅनिकल शाखा मिळाली होती. त्याला कॉम्प्युटर हवे होते. कागदपत्रे तपासण्यासाठी सुविधा केंद्रावर गेलो असता, दाराबाहेर फाईल घेऊन उभ्या असलेल्या एका तरुणाने आमची चौकशी केली आणि स्वतःची ओळख शैक्षणिक समुपदेशक अशी करून दिली. तो अदबीने बोलत होता, मला काका म्हणत होता, आणि तो जे सांगत होता त्यातले निम्म्याहून अधिक खरे होते. आमची फसगत नेमकी तिथे झाली.

वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला निम्मे शिक्षण शुल्क मिळते, हे त्याने सांगितले आणि ते खरे आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतात, हेही खरे आहे. या खऱ्या माहितीच्या मधोमध त्याने एक खोटे वाक्य बसवले: मिळालेली जागा सोडा, मी तुम्हाला दुसऱ्या महाविद्यालयात संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून, कॉम्प्युटर मिळवून देतो, शिष्यवृत्ती तिथेही लागू होतेच. प्रत्यक्षात ही शिष्यवृत्ती केवळ कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यालाच मिळते. योजनेच्या अटींमध्ये हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्या अटी महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. आम्ही मात्र त्या वाचल्या नाहीत, कारण वाचून सांगणारा माणूस समोर बसला होता.

त्याने फाईलचे म्हणून 25,000 रुपये घेतले आणि काही दिवसांनी कर्जाचे प्रक्रिया शुल्क म्हणून आणखी 11,800. या दुसऱ्या पावतीवर दहा हजारांवर 18 टक्के जीएसटी रीतसर लावलेला होता, त्यामुळे ती मला अधिकच खरी वाटली. माझ्या पत्नीने तेव्हाच विचारले होते की, बँकेचे शुल्क याच्या खात्यात का भरायचे. मी तिला गप्प केले, हे इथे लिहून ठेवतो. देशातल्या शिक्षणासाठीच्या कर्जावर सार्वजनिक बँका सहसा प्रक्रिया शुल्क घेतच नाहीत, हे मला नंतर कळले. महाडीबीटीवरचा अर्जही त्यानेच भरला. मुलाच्या आधारवर आलेला ओटीपी आम्ही त्याला फोनवरून सांगितला आणि त्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला.

बँकेचे बोधचिन्ह असलेले मंजुरीपत्र मोबाइलवर आले तेव्हा महाविद्यालयात शुल्क भरायला चार दिवस उरले होते. ते छापून मी शाखेत गेलो. व्यवस्थापक बाईंनी ते वाचले, संगणकावर पाहिले, आणि या क्रमांकाचा अर्जच आमच्याकडे नाही असे शांतपणे सांगितले. खाली ज्यांची सही होती त्या नावाचे कोणी अधिकारी त्या शाखेत नव्हते. तोपर्यंत आम्ही कॅपची जागा सोडलेली होती आणि फेऱ्या संपल्या होत्या.

लोक मला किती पैसे गेले असे विचारतात आणि मी 36,800 सांगितले की हळहळून विषय बदलतात. पण तो हिशेब अपुरा आहे. ज्या महाविद्यालयात अखेर प्रवेश घ्यावा लागला तिथले शिक्षण शुल्क 1,42,000 रुपये आहे. कॅपमधून तेवढ्याच शुल्काच्या जागेवर गेलो असतो तर वर्षाला 71,000, म्हणजे चार वर्षांत 2,84,000 रुपये शिष्यवृत्तीतून आले असते. त्या माणसाला छत्तीस हजार मिळावेत म्हणून आम्ही पावणेतीन लाखांहून अधिक गमावले, आणि त्याला बहुधा त्याची कल्पनाही नसेल.

कर्ज पुढे आम्हाला मिळाले, आणि तेही त्याच शाखेतून. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या अर्जांसाठीच्या सरकारी पोर्टलवर मुलाने स्वतः अर्ज भरला. तेव्हा एकाच अर्जात तीन बँका निवडता येत होत्या. उत्पन्नाचा दाखला, प्रवेशपत्र आणि शुल्काचा तपशील एवढ्यावर काम झाले, तारण लागले नाही, आणि रक्कम बँकेने परस्पर महाविद्यालयाला पाठवली. मात्र शिक्षणाच्या काळात व्याज लागत नाही हे त्या समुपदेशकाचे म्हणणेही खोटेच निघाले. हप्ते थांबतात, व्याज चालूच राहते. ते त्या त्या वेळी भरत गेल्यास दरात एक टक्का सवलत मिळेल असे व्यवस्थापक बाईंनी सुचवले, तेव्हापासून आम्ही ते भरतो.

1930 या सायबर मदतक्रमांकावर मी तक्रार केली, पण पैसे पाठवल्यानंतर एकोणीस दिवसांनी. त्या खात्यातून रक्कम केव्हाच पुढे गेली होती. पहिल्या काही तासांत कळवले असते तर ती अडवण्याची शक्यता होती, असे पलीकडून सांगण्यात आले.

2024-25 पासून आठ लाखांच्या आतील उत्पन्न गटातील ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले आहे. अट पुन्हा तीच, प्रवेश कॅपमधून हवा. गेल्या जूनमध्ये शेजारच्या मुलीला एक फोन आला. ताई, तुमची फी माफ करून देतो, फक्त फाईलचे पंधरा हजार लागतील, असे पलीकडचा माणूस म्हणत होता. तिने फोन माझ्या हातात दिला. मी नुसते त्याला नाव विचारले आणि त्याने फोन ठेवला.