बारावीच्या सी प्लस प्लससाठी कोडब्लॉक्स: जूनपासून प्रॅक्टिकलपर्यंत वापरून

खानदेशातल्या अनेक ज्युनिअर कॉलेजांच्या लॅबमध्ये अजूनही डॉसबॉक्सवर (जुने डॉस प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी प्लस प्लस हा जुना कंपायलर चालतो. बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेली मुलं घरच्या लॅपटॉपवर मात्र कोडब्लॉक्स हे सी प्लस प्लस लिहून चालवण्याचं नवं सॉफ्टवेअर टाकतात. दोन्ही सोबत वापरून आमचं मत पक्कं झालंय: क्लास, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम समजून घ्यायला कोडब्लॉक्सच घ्या. फक्त लॅबमध्ये टर्बो असेल तर शेवटचे दोन-तीन आठवडे त्यावर हात बसवूनच प्रॅक्टिकलला जा.

आधी इन्स्टॉलेशन, कारण निम्मी मुलं इथेच अडकतात. डाउनलोड पानावर सारख्या दिसणाऱ्या बऱ्याच फाइल आहेत. ज्या नावात ‘मिंगडब्ल्यू’ आहे तीच घ्यायची. साधी सेटअप फाइल लहान असते म्हणून मोबाइल डेटावाले तीच उतरवतात, पण तिच्यात कंपायलरच, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत बदलणारा भागच, नसतो. मग बिल्ड केलं की ‘कंपायलर सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि मुलगा आपल्या प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. प्रोजेक्टचं फोल्डर थेट डी ड्राइव्हवर करा. नावात जागा नको, मराठी अक्षरं नकोत, नाहीतर डीबगर (प्रोग्रॅम एकेक ओळ थांबवून तपासू देणारा भाग) रुसतो. गावाकडे भारनियमन असेल आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, तर सेटिंग्जमधल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये जाऊन ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर ठेवा.

आता खरा फायदा: डीबगर. सुटी फाइल उघडून तो चालत नाही, कन्सोल ॲप्लिकेशनचा प्रोजेक्टच करावा लागतो आणि टार्गेट ‘डीबग’ ठेवावं लागतं. ओळीवर एफ५ दाबून थांबा लावायचा, एफ८ ने सुरू करायचं, एफ७ ने एकेक ओळ पुढे, शिफ्ट-एफ७ ने फंक्शनच्या आत. डीबग मेनूतून वॉचेसची खिडकी उघडून ऑब्जेक्टचं नाव टाका. समजा ऑब्जेक्टमध्ये ‘वजन’ आहे आणि कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारं फंक्शन) त्याला शून्य देतो: कन्स्ट्रक्टरच्या आधी वजनाच्या जागी कसलातरी भलताच आकडा दिसतो, कन्स्ट्रक्टर संपला की शून्य. ‘कन्स्ट्रक्टर ऑब्जेक्टला प्रारंभिक किंमत देतो’ हे पाठ केलेलं वाक्य तिथे डोळ्यांसमोर घडतं. वॉचमध्ये प्रायव्हेट मेंबरही दिसतात, त्यावर हुशार मुलं हमखास विचारतात की मग लपवलं काय? त्यांना स्पष्ट सांगावं: प्रायव्हेटचा पहारा कंपाइल होताना असतो, मेमरीला कुलूप लागत नाही.

व्हर्च्युअल फंक्शन (ऑब्जेक्ट ज्या क्लासचा, त्याच क्लासचं फंक्शन चालवण्याची सोय) समजायला ‘शेतमाल’ हा बेस क्लास करा. त्यात वजन, दर आणि ‘रक्कम’ हे फंक्शन. त्यावरून ‘केळी’ आणि ‘कापूस’ हे दोन डिराइव्ह्ड क्लास. कापसाच्या ‘रक्कम’मध्ये ओलाव्याची कपात वजा होते. मेनमध्ये शेतमालाच्या पॉइंटरचा दोन घरांचा ॲरे घ्या, एका घरात केळीचा पत्ता, दुसऱ्यात कापसाचा. आता लूपमधून ‘रक्कम’ बोलवा आणि शिफ्ट-एफ७ दाबा. ‘व्हर्च्युअल’ लिहिलं नसेल तर कर्सर दोन्ही वेळा बेस क्लासमध्ये शिरतो आणि कापसाची कपात होतच नाही. शब्द टाकून पुन्हा चालवा, कर्सर कापसाच्या क्लासमध्ये उतरतो. एक काळजी घ्या: पॉइंटरऐवजी थेट शेतमालाच्या ऑब्जेक्टचा ॲरे घेतला, तर कापसाचा स्वतःचा भाग कापला जातो आणि व्हर्च्युअल असूनही बेसचंच फंक्शन चालतं. पुस्तकातल्या आकृतीवर हे कळायला बरेच तास जातात.

चुकांचे संदेशही कोडब्लॉक्समध्ये कामाचे आहेत. क्लासच्या शेवटच्या महिरपी कंसानंतर अर्धविराम राहिला तर हा कंपायलर नेमकं तेच सांगतो. टर्बो ‘टू मेनी टाइप्स इन डिक्लरेशन’ म्हणतं आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवतं.

पण घरी चाललेला प्रोग्रॅम लॅबमध्ये अडतो, आणि कारणं ठरलेली आहेत. टर्बो १९९८च्या सी प्लस प्लस मानकाच्या आधीचं आहे. ‘युजिंग नेमस्पेस एसटीडी’ त्याला कळत नाही. हेडरला ‘डॉट एच’ लागतं. स्ट्रिंग क्लास आणि बूल नाहीत, त्यामुळे नावांसाठी कॅरेक्टर ॲरे वापरण्याची सवय घरीच लावा. एकाच फंक्शनमध्ये दोन फॉर लूप असतील आणि दोन्हीत ‘इंट आय’ लिहिलं असेल, तर कोडब्लॉक्स हूं की चूं करत नाही, टर्बो मात्र ‘मल्टिपल डिक्लरेशन’ देतं, कारण तिथे पहिल्या लूपमधला आय लूपबाहेरही जिवंत राहतो.

याहून घातक चूक कोणताच संदेश न देणारी आहे. टर्बोत इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा, म्हणजे कमाल ३२७६७. ५० क्विंटल कापूस, दर ७०००: कोडब्लॉक्स ३५०००० दाखवतं, टर्बो २२३२०. उत्तर ऋण आलं असतं तर कुणीही थबकलं असतं. २२३२० खरं वाटतं आणि तसंच जर्नलमध्ये उतरतं. रक्कम ‘लाँग’ (मोठा पूर्णांक) घेऊन भागत नाही, कारण गुणाकार आधीच इंटमध्ये होऊन बसतो. वजन किंवा दर यांपैकी एक तरी लाँग हवा.

डिस्ट्रक्टरच्या (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या फंक्शनच्या) प्रॅक्टिकलला आणखी एक खोच आहे. टर्बोत मुलं मेनच्या शेवटी ‘गेटसीएच’ लिहितात, म्हणजे कळ दाबेपर्यंत स्क्रीन थांबते. ऑब्जेक्ट नष्ट होतात ते मेनचा कंस बंद होताना, म्हणजे कळ दाबल्यानंतर. तोवर स्क्रीन एडिटरवर परतलेली असते, डिस्ट्रक्टरचा संदेश दिसतच नाही आणि मुलगा एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोर, गोंधळतो. ऑल्ट-एफ५ दाबा, आउटपुट तिथे आहे. किंवा ऑब्जेक्ट आतल्या वेगळ्या कंसात घ्या आणि गेटसीएच त्या कंसाबाहेर ठेवा. कोडब्लॉक्समध्ये ही अडचण येत नाही, तिथली काळी खिडकी प्रोग्रॅम पूर्ण संपल्यावर कळ मागते. क्रमही तिथेच पाहून घ्या: कन्स्ट्रक्टर आधी बेसचा, मग डिराइव्ह्डचा, डिस्ट्रक्टर बरोबर उलटे. तोंडी परीक्षेत विचारायला हा प्रश्न सोयीचा आहे.

कोडब्लॉक्समध्ये खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. काळी खिडकी मागे उघडी राहिली आणि पुन्हा बिल्ड केलं तर ‘परमिशन डिनाइड’ येतं. ती खिडकी बंद करा, सापडत नसेल तर टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम संपवा. फॉन्ट बारीक आहे, पण कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं की मोठा होतो. कंस आपोआप पूर्ण करण्याची सोय मात्र जानेवारीपासून एडिटर सेटिंग्जमधून बंदच करा. लेखी पेपरात कंस आणि अर्धविराम हातानेच द्यायचे असतात, आणि सगळ्यात जास्त तेच सुटतात.

लॅपटॉप नसलेल्यांसाठी अँड्रॉइडवर सीएक्सएक्सड्रॉइड हे ॲप आहे, ते नेट नसतानाही कंपाइल करतं. ओव्हरलोडिंग, कन्स्ट्रक्टर, फ्रेंड फंक्शन असे वीस-पंचवीस ओळींचे प्रोग्रॅम त्यावर निभावतात. इन्हेरिटन्सचे लांब प्रोग्रॅम मोबाइलच्या पडद्यावर सांभाळणं जिकिरीचं होतं. ते आधी वहीत लिहा आणि लॅबच्या तासाला टाइप करा.